आईच्या पाठीतलं पाणी तपासायचं का?

आलेलं पत्र थोडं कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"नमस्कार ताई, माझी आई ७८ वर्षांची आहे. दीडेक वर्ष झालं विसरायला लागलीये. आधी नावं विसरायची, आता तेच तेच परत विचारते, आणि मागच्या महिन्यात रोजच्या देवळातून घरी येताना रस्ताच चुकली. आयुष्यभर भिशीचा हिशोब तिने ठेवला, आता दुधवाल्याचे पैसे पण जुळत नाहीत. न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय सांगितलाय आणि म्हणाले की नक्की बघायचं असेल तर पाठीतलं पाणी काढून अल्झायमरचे मार्कर तपासता येतील, घरी ठरवून सांगा. भाऊ पुण्याला असतो, तो म्हणतो लगेच करा, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. मावशी म्हणते या वयात पाठीत सुई घातली की माणूस अंथरूण धरतं, तिच्या सासूचं तसंच झालं. आईला २० वर्षं शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी, सारखी लघवीला लागते म्हणून त्याची एक आणि झोपेची अर्धी. स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ करायची गोळी पण आहे. हल्ली चालते ती पण पाय घासत. मी ५२ ची आहे, मलाही शब्द पटकन आठवत नाहीत, मी पण ही टेस्ट करून घेऊ का म्हणजे आधीच कळेल?"

ताई, मावशींच्या भीतीपासून सुरू करू, कारण घरात गाडं तिथेच अडकलंय असं दिसतंय. मी न्यूरोच्या वॉर्डात बरीच वर्षं सिस्टर म्हणून काम केलंय आणि ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकलीये, सासूचं नाहीतर शेजारच्या काकांचं नाव घेऊन. मेंदू आणि कण्यातल्या नसांभोवती जे पाणी असतं ते काढून करायची ही तपासणी काही नवीन नाही, जर्मनीत क्विंके नावाच्या डॉक्टरांनी १८९१ मध्येच पाठीतून असं पाणी काढलं होतं. सीझरच्या वेळी कमरेत जे भुलीचं इंजेक्शन देतात ना, तीच जागा. मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी ती मुख्य दोरी, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते, आणि सुई घालतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. तिथे फक्त नसांचे सुटे धागे पाण्यात तरंगत असतात आणि सुई आली की ते बाजूला सरकतात. म्हणून अंथरूण धरायची भीती नको. आता मावशींच्या सासूबाईंचं काय झालं ते मला माहीत नाही, पण पाठीतलं पाणी काढायची वेळ ज्यांच्यावर येते ते मुळातच आजारी असतात, आणि नंतर त्या आजारानेच तब्येत खालावली तरी लोकांच्या लक्षात सुईच राहते.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगते म्हणजे आईला पण तुम्हाला सांगता येईल. कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, नाहीतर बसवून पुढे उशीवर वाकवतात. पाठ थंडगार औषधाने पुसतात, मग भुलीचं छोटं इंजेक्शन, ते चावतं, त्यानंतर दुखण्यापेक्षा दाबल्यासारखं जास्त वाटतं. सुई बरोबर जागी पोचली की पाणी आपोआप थेंब थेंब येतं, सिरिंजने ओढत नाहीत, आणि दिसायला अगदी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ असतं. काढतात साधारण १० मिली. आपल्या डोक्यात आणि पाठीत मिळून हे पाणी १५० मिलीच्या आसपास असतं आणि शरीर दिवसभरात नवीन साधारण ५०० मिली बनवतं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदललं जातं. उतारवयात हा वेग कमी होतो, तरी काढलेलं काही तासांत भरून निघतं. त्रास व्हायचाच झाला तर डोकेदुखीचा, उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की कमी होते, पण ती तरुणांना जास्त होते, म्हाताऱ्या माणसांना कमी, आणि बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर अजून कमी. (नंतर तासन् तास सपाट झोपवून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, पण त्याने डोकेदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, त्यामुळे आईला लघवीला उठायचं असेल तर वॉर्डात विचारून खुशाल उठू द्या.) या वयात मणके झिजून जवळ आलेले असतात, वाढीव हाड आलेलं असतं, त्यामुळे जागा सापडायला वेळ लागू शकतो, तेव्हा हात बसलेला डॉक्टर असणं महत्त्वाचं. आणि ती रक्त पातळ करायची गोळी, त्याबद्दल आधीच सांगा, मात्र स्वतःच्या मनाने एक दिवस सुद्धा बंद करू नका, स्टेंट आहे, कधी आणि किती दिवस थांबवायची, थांबवायची की नाही, हे हार्टचे डॉक्टर आणि न्यूरोलॉजिस्ट मिळून ठरवतील.

तर सुई हा मोठा प्रश्न नाहीच. मला वाटतं खरा प्रश्न असा आहे की या पाण्याला तुम्ही विचारणार काय आणि ७८ व्या वर्षी ते पाणी किती सांगू शकतं. भाऊ म्हणतात सोक्षमोक्ष. तिथे मला थोडं थांबवायचंय तुम्हाला.

रिपोर्टमध्ये मुख्यतः तीन मार्कर, म्हणजे आजाराची खूण देणारी मेंदूतली प्रोटीनं, असतात. एक अमायलॉइड बीटा ४२, बहुतेक वेळा बीटा ४० शी गुणोत्तर काढून. दुसरं टाऊ आणि तिसरं फॉस्फो-टाऊ, ज्याला पी-टाऊ म्हणतात. यात लोकांचा हमखास गोंधळ होतो कारण अल्झायमरमध्ये टाऊ वाढतं पण अमायलॉइड कमी होतं, आणि रिपोर्टवर कमी दिसलं की घरच्यांना बरंच वाटतं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी नितळ दिसतं, तसं आहे ते, अमायलॉइड मेंदूत साचून बसलं म्हणून पाण्यात कमी उतरतं. याच कारणाने सॅम्पल कोणत्या ट्यूबमध्ये घेतलं याला पण महत्त्व आहे. अमायलॉइड काचेला आणि काही प्लास्टिकला चिकटतं, मग पाण्यातलं प्रमाण खोटंच कमी येतं आणि निरोगी माणसाला आजार चिकटवला जातो. पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची ट्यूब लागते, ती पण त्या लॅबने सांगितलेलीच. टेस्ट कुठल्याही हॉस्पिटलात केली तरी सॅम्पल कुठल्या लॅबला जाणार आणि ट्यूब त्यांची आहे का, एवढं विचाराच, यात लाजायचं काही नाही. दोन लॅबचे आकडे सुद्धा एकमेकांशी लावून बघायचे नाहीत, मशीन वेगळं तर मर्यादा वेगळी.

आता वयाचं बघा. हे साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून सुरू होतं, आणि ज्यांच्यात सुरू होतं त्या सगळ्यांना विसराळूपणा येतोच असंही नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांची माहिती एकत्र करून आकडे आले होते, ज्यांची स्मरणशक्ती चाचणीत अगदी ठीक आहे अशा लोकांत पन्नाशीला १० टक्के आणि नव्वदीला ४४ टक्के लोकांत अमायलॉइड सापडतं. नीट वाचा, हे आजारी लोकांचे आकडे नाहीत, हिशोब ठेवणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, नातवंडं सांभाळणाऱ्या लोकांचे आहेत. अमेरिकेत नन्सचा, म्हणजे चर्चच्या जोगिणींचा, एक मोठा अभ्यास झाला, १९८६ मध्ये डेव्हिड स्नोडन यांनी सुरू केला होता, ६७८ नन्सनी मरणानंतर आपला मेंदू द्यायचं कबूल केलं होतं. त्यातल्या सिस्टर मेरी नावाच्या एक जणी १०१ व्या वर्षी गेल्या, शेवटपर्यंत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत चांगले मार्क मिळवत होत्या, आणि मेंदू तपासला तर आत अल्झायमरच्या खुणा भरपूर. तेव्हा पंचावन्नच्या माणसाचं अमायलॉइड पॉझिटिव्ह आलं, म्हणजे ते मेंदूत साचलंय असं दिसलं, आणि तो विसरत असेल तर त्या रिपोर्टला फार वजन आहे, तोच रिपोर्ट ७८ व्या वर्षी आला तर एवढंच म्हणता येतं की अमायलॉइड आहे, विसरणं त्याच्यामुळेच आहे का ते रिपोर्ट एकटा सांगत नाही. ऐंशीच्या आसपासच्या मेंदूत बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त गोष्टी असतात, थोडं अमायलॉइड, थोड्या बारीक रक्तवाहिन्या बंद झालेल्या, आईला तर २० वर्षं शुगर आहे, कधी पार्किन्सनच्या जातीची प्रोटीनं. उलट निगेटिव्ह आलं तर मात्र या वयात ते खूप कामाचं असतं, कारण मग अल्झायमर बहुतेक बाजूला पडतो आणि डॉक्टर दुसरीकडे शोधायला लागतात.

टाऊ सुद्धा वयाबरोबर थोडं वाढतं. न्यूरोफिलामेंट लाइट नावाचा अजून एक मार्कर हल्ली करतात, तो तर नसांची झीज कुठलीही असो, वाढतो, आणि निव्वळ वयाने पण वाढतो, म्हणून त्याची मर्यादा वयाप्रमाणे लावलीये का ते बघायला हवं. अगदी पाण्यातलं साधं प्रोटीन सुद्धा, बऱ्याच लॅब अजून ४५ मिलिग्रॅमची जुनी मर्यादा छापतात, आणि पन्नाशीनंतर ६० च्या घरातलं प्रोटीन निरोगी माणसातही दिसतं. समोर ठळक एच, म्हणजे हाय, छापलेला बघून घरात रडारड झालेली मी पाहिलीये, तेव्हा रिपोर्ट आधी व्हॉट्सॲपवर सगळ्या नातेवाइकांना पाठवू नका, डॉक्टरांसमोर उघडा.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. पाय घासत चालते. लघवी सारखी होते. आणि विसरते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की डोक्यात पाणी साठण्याचा एक आजार असतो त्याचा विचार करावाच लागतो, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस म्हणतात, उतारवयातच होतो, आणि विसरण्याच्या आजारांत जे थोडे शस्त्रक्रियेने सुधारू शकतात त्यातला हा एक. आईला तेच आहे असं मी म्हणत नाहीये, शुगरने पायाच्या नसा जाऊन पण चाल बिघडते, गुडघ्याने पण बिघडते. पण एमआरआय करताना मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झाल्यात का हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. तसं दिसलं तर सुई तीच, जागा तीच, पण काम वेगळं, ३० ते ५० मिली पाणी काढतात आणि आधी व नंतर चालायला लावून बघतात की पाऊल सुधारलं का. काढलेल्या त्याच पाण्यातून मार्कर पण करता येतात, दोनदा टोचायची गरज नाही, म्हणून हे आधीच बोलून घ्या.

सुईच्या आधी करायच्या गोष्टी अजून आहेत आणि त्या स्वस्त आहेत. बी१२ केलंय का? पत्रात कुठे दिसलं नाही. मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेतलं की बी१२ कमी होतं, रोजची ॲसिडिटीची गोळी ते अजून कमी करते, आणि आई शाकाहारी असेल तर तिसरं कारण. बी१२ च्या कमतरतेने विसरणं पण होतं आणि पायांचं बिघडणं पण. सोबत थायरॉइड, सोडियम, किडनी. कान तपासा, ऐकूच गेलं नाही तर लक्षात काय राहणार. मग त्या लघवीच्या गोळीचं नाव बघा, ऑक्सिब्युटिनिनसारखी असेल तर ती स्वतःच म्हाताऱ्या माणसाची स्मरणशक्ती गढूळ करते, झोपेच्या गोळ्या पण तेच करतात, ॲव्हिलसारख्या ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या पण. आणि गंमत नाही, हे खरंच होतं, की एकीकडे डोनेपेझिल नावाची स्मरणशक्तीची गोळी सुरू करतात आणि दुसरीकडे लघवीची गोळी तिच्या बरोबर उलटं काम करत असते, कारण दोन डॉक्टरांनी एकमेकांचे कागद बघितलेले नसतात. झोपेची गोळी मात्र एकदम तोडू नका, हळूहळू कमी करायची असते, डॉक्टरांना विचारून.

हे सगळं झालं, आणि तरी आई विसरतच राहिली, तर मग पाठीतलं पाणी तपासायला माझी ना नाही. रस्ता चुकणं आणि आयुष्यभराचा हिशोब सुटणं हे नुसतं वय झालं म्हणून सोडून द्यायचं नसतं. फक्त त्याआधी तुम्ही आणि भाऊ फोनवर बसून एवढं ठरवा की पॉझिटिव्ह आलं तर आपण काय करणार आणि निगेटिव्ह आलं तर काय. दोन्हीचं उत्तर सारखंच येत असेल, म्हणजे तेच औषध, तीच काळजी, तर मग टोचून मिळवायचं काय? बदलत असेल तर जरूर करा. भावाने लेकॅनेमॅबसारख्या, अमायलॉइड कमी करणाऱ्या नवीन इंजेक्शनांबद्दल वाचलं असेल, लेकॅनेमॅबला २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी मिळाली, त्यासाठी अमायलॉइड सिद्ध करावंच लागतं हे खरंय. पण ती अगदी सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत, सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी सलाइनमधून घ्यायची, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का म्हणून वारंवार एमआरआय, आणि घसरण थांबत नाही, थोडी मंदावते. त्या दिशेने जायचंच नसेल तर घाईचं एक कारण कमी झालं. डोनेपेझिल तर या टेस्टशिवाय पण सुरू करता येतं.

रक्ताच्या टेस्टचं पण विचाराल म्हणून लिहिते, पी-टाऊ २१७ वर आधारलेल्या एका रक्ततपासणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, परवानगी दिली, पण ती ५५ च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्या लोकांसाठी, स्पेशालिस्टकडे आलेल्या. किडनी कमजोर असेल तर रक्तातले हे आकडे वाढीव येतात, आणि २० वर्षांच्या शुगरमध्ये किडनी आधी बघावी लागते. तरी सुईआधीची पायरी म्हणून डॉक्टरांशी बोलायला हरकत नाही. किंमत मात्र आधीच विचारून घ्या, लॅबप्रमाणे खूप फरक असतो.

आणि ताई, एक गोष्ट मला टोचली, रागावू नका. पत्रात भाऊ काय म्हणतो, मावशी काय म्हणते, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं आहे. आई काय म्हणते ते कुठेच नाही. ती देवळात एकटी जाते, म्हणजे अजून तिला बरंच कळतंय. पाठ तिची आहे आणि रिपोर्टवर नाव पण तिचंच येणार. सकाळी, ती ताजी असते तेव्हा, गर्दी नसताना, तिच्याशी बोला. "आई, तू विसरतेस हे तुला जाणवतंय ना? डॉक्टर म्हणतात पाठीतून थोडं पाणी काढून कारण शोधता येईल, तुला जाणून घ्यायचंय का?" असं साधं विचारा. काही जणींना नाव कळलं की सुटल्यासारखं वाटतं कारण आपण वेंधळ्या झालो नाही, आजारी आहोत हे कळतं, काही जणी म्हणतात मला नको सांगूस, तुम्ही बघा. दोन्ही बरोबर. तिने नाही म्हटलं तर ते नाही भावाला पण मान्य करावं लागेल. पेन्शन, बँकेतलं नॉमिनेशन, पुढे कुणाकडे राहायचं हे पण आत्ताच तिला विचारून ठेवा, टेस्ट होवो न होवो.

राहिलं तुमचं. तुम्ही ५२ च्या आहात, शब्द अडतो आणि थोड्या वेळाने, भांडी घासताना वगैरे आठवतो, असंच ना? ते झोप कमी, काळजी जास्त आणि पाळी जाण्याचं वय यानेही होतं, आणि आईची एवढी धावपळ चालू असताना तर होणारच. आईचा त्रास ७६-७७ ला सुरू झाला. घराण्यात ठरून येणारा अल्झायमर असतो तो बहुतेक साठीच्या आतच दिसतो आणि सगळ्या रुग्णांत तो एक टक्क्याहूनही कमी, तुमच्या घरचं चित्र तसं नाही. आईला असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, एवढंच. २०२४ मध्ये अल्झायमरच्या व्याख्येवरून तज्ज्ञांचे दोन गट पडले, एक म्हणतो मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे आजार सुरू झाला, दुसरा म्हणतो लक्षणं नसतील तर तो फक्त धोका आहे, आजार म्हणू नका, पण लक्षणं नसलेल्या माणसाची रोजच्या प्रॅक्टिसमध्ये ही टेस्ट करू नये यावर दोघांचं एकमत आहे. मी पण तेच सांगेन, करू नका. पॉझिटिव्ह आलं तर पुढची वीस-तीस वर्षं प्रत्येक विसरलेल्या किल्लीला घाबराल, कदाचित कधीच न होणाऱ्या आजारासाठी, आणि इन्शुरन्सच्या फॉर्मवर विचारलं तर लपवता पण येणार नाही. त्यापेक्षा तुमचं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि ऐकू येणं तपासून घ्या. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे, म्हणजे अल्झायमरसारख्या विसरण्याच्या आजारांचे, टाळता येण्यासारखे १४ धोके दिलेत, सगळे हाताळले तर जगभरातल्या साधारण ४५ टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे, आणि या चार गोष्टी त्याच यादीतल्या आहेत. शब्द अडण्याऐवजी रोजचं काम चुकायला लागलं, पैसे, रस्ता, रेसिपीचा क्रम, तर मात्र लगेच दाखवा.

एमआरआयला जाताना आईच्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, नुसतं नाव सांगू नका. जमलं तर ती घरात चालतानाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा, वळतानाचा पण, कारण दवाखान्यात माणूस उगाच नीट चालतं. आणि बी१२ चा रिपोर्ट आला की मला कळवा.